रक्तात काय असतं?



सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. या दिवसांत डोणगावच्या आमच्या सल्ला केंद्रात शुकशुकाट असतो. मार खाल्लेली बाईसुद्धा आधी सोंगणी उरकते, मजुरी हातात घेते आणि मग तक्रार सांगायला येते. अशाच एका दुपारी सुमन आली. नाव अर्थातच बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. सोबत सहा वर्षांचा मुलगा होता. तो आल्याआल्या आमच्या शाईच्या पॅडशी खेळायला लागला. सुमनने त्याच्या हातावर चापट मारली, त्याला बाहेर हापशीवर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, काही मारहाणीचं असेल. ती म्हणाली, "ताई, पोराचं रक्त तपासून समजते काय, हा बापावानी निघल का नाही ते?"

तिचा नवरा खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतो आहे. बांधावरून भांडण झालं, चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाड बसली. तेव्हा हा मुलगा दोन वर्षांचा होता. आता सासरी उठता-बसता ऐकवलं जातं की याच्या अंगात खुन्याचं रक्त आहे, याला मामाकडे पाठव, आमच्या लेकरांत नको. दिराने मोबाइलवर कुठलीशी बातमी वाचून दाखवली होती. गुन्हेगारीचं जनुक सापडलं आहे, ते बापाकडून मुलात येतं, शास्त्रज्ञच सांगतात म्हणे. तेव्हापासून सुमन मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली. त्याने कुत्र्याला दगड मारला तर तिच्या पोटात गोळा येतो. शाळेत ढकलाढकली झाली तर ती रात्रभर झोपत नाही. एकदा तिने त्याचे हात ओढणीने बांधून ठेवले होते, हेही तिने मला सांगितलं, आणि सांगताना रडली.

मी तिला विचारलं, "दीर आणि तुझा नवरा सख्खे भाऊ ना? मग दिराच्या अंगात कोणाचं रक्त आहे?" ती क्षणभर गप्प झाली, मग हसली. त्यानंतर जमिनीची गोष्ट निघाली. वडिलोपार्जित पाच एकर, दोघा भावांत अडीच-अडीच. मुलगा मामाकडे गेला तर उद्या हिस्सा मागायला कोण येणार?

हा प्रसंग इथेच संपवून मी दिराला दोन शब्द सुनावले असते आणि तुम्हीही माना डोलावल्या असत्या. पण त्याच महिन्यात आमच्याच घरात जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला हे संपादकीय लिहिण्याचा अधिकार नाही.

आमच्या एका बचत गटात गेल्या वर्षी पारधी बेड्यावरची एक बाई सभासद झाली. तिला इथे गंगा म्हणते. तिला गटात घ्यायलाच चार बैठका लागल्या होत्या. त्या महिन्याच्या बैठकीत हिशेबात बाराशे रुपये कमी भरले. कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला गेल्या. मग आमच्यातली एक जुनी कार्यकर्ती, दारूबंदीच्या मोर्चात लाठ्या खाल्लेली, हळूच म्हणाली, "त्याईच्या रक्तातच हाय ते, आपण कितीबी करा." गंगाने कमरेचा बटवा सोडला, सगळ्यांसमोर सतरंजीवर उलटा केला आणि ती निघून गेली. मी तिथेच होते. मी काहीही बोलले नाही. दोन दिवसांनी पैसे सापडले. बँकेच्या पासबुकाच्या प्लास्टिकच्या आवरणात, पावतीमागे.

सुमनच्या दिराचं वाक्य आणि आमच्या कार्यकर्तीचं वाक्य एकच आहे. पहिल्याला माझ्याकडे लगेच उत्तर होतं, दुसऱ्याला नव्हतं. म्हणून या वेळी या "रक्ता"विषयीच लिहावंसं वाटलं.

आपल्याकडे या वाक्याचा एकदा कायदा झाला होता. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. या देशात जसे सुताराच्या पोटी सुतार जन्मतात तसे गुन्हेगाराच्या पोटी गुन्हेगार जन्मतात, असा त्यामागचा विचार होता. म्हणजे जातिव्यवस्थेची आपलीच शिकवण साहेबाने उचलली आणि तिला कायद्याचा शिक्का मारला. माणसाने काही केलं आहे की नाही हा प्रश्नच उरला नाही, तो कोणाच्या पोटी जन्मला एवढं पुरे. जमातीची नोंद करायची, हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. त्याच कायद्याचा एक भाग तृतीयपंथीयांवर होता, त्यांचीही नोंदवही ठेवली जाई. सुरुवातीला कायदा उत्तरेपुरता होता, १९११ साली तो देशभर लागू करता येईल असा झाला आणि १९२४ साली पुन्हा नव्याने बांधला गेला. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवण्याची तरतूदही त्यात होती, कारण रक्त वाईट असलं तरी संगत तोडली तर काही उपयोग होईल अशी आशा होती. रक्तावर पक्का विश्वास असता तर ही तरतूद कशाला केली असती? सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या कुटुंबांतली माणसं तिथल्या कापड गिरण्यांत कामाला जात. जन्मजात चोर म्हणून ज्यांना कोंडलं, त्यांच्या हातात लाखोंच्या मालाच्या गिरण्या चालत होत्या, आणि ही विसंगती कोणालाही टोचली नाही.

आपल्या वऱ्हाडात पारध्यांपैकी टाकणकर म्हणून ओळखले जाणारे लोक गावोगाव जाऊन जात्यांना टाकी लावून देत. आपल्या आज्यांनी त्यांच्याकडून जाती टाकवून घेतली आहेत. फासेपारधी फास लावून तित्तर-लावे पकडत, शिकार करत. पिठाची गिरणी आली आणि जात्याचं काम गेलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार गुन्हा ठरली. जमीन नव्हतीच. पोटाचे दोन्ही मार्ग बंद झालेला माणूस रानातून ज्वारीची कणसं तोडतो तेव्हा त्याचं कारण शोधायला रक्ताची बाटली हातात घ्यावी लागत नाही.

अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणून या जमाती तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण सात वर्षांत, १९५९ साली, मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर तो जमातीचं नाव घेत नव्हता. वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीसाठी होता. पण वारंवार पकडलं कोणाला जातं? लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ साली आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आपण सगळ्यांनी ते वाचलं, शिबिरात त्यावर बोललो. तरी बैठकीत बाराशे रुपये कमी पडले की नजर कुठे वळायची तिथेच वळते.

आणि हे केवळ गावातल्या अडाणी समजुतीचं नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावलींत जातीनुसार कामं वाटलेली होती, आणि भटक्या जमातींच्या माणसांत पळून जाण्याची स्वाभाविक प्रवृत्ती असते अशा अर्थाचे नियमही होते. स्वातंत्र्याला ७७ वर्षं झाल्यावर न्यायालयाला हे नियम घटनाबाह्य ठरवावे लागले. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये याची काळजी घ्या, असंही पोलिसांना सांगावं लागलं. "स्वाभाविक प्रवृत्ती" हा शब्द पुन्हा वाचा. आमच्या कार्यकर्तीच्या "रक्तातच हाय"चं ते सरकारी भाषांतर आहे.

समाजकार्याचं शिक्षण घेताना मी गुन्हेगारीशास्त्राच्या तासाला लोम्ब्रोझो हे नाव पाठ केलं होतं. इटलीचा हा डॉक्टर. एका दरोडेखोराच्या कवटीत त्याला एक खोलगट भाग दिसला आणि त्यावरून त्याने जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धांत मांडला. त्याचं पुस्तक १८७६ साली आलं, म्हणजे आपल्या कायद्यानंतर पाच वर्षांनी. त्या दृष्टीने आपण युरोपच्याही पुढे होतो म्हणायचं! परीक्षेत मला या प्रश्नाला चांगले गुण मिळाले. पण त्याने १८९३ साली आपल्या भावी जावयाबरोबर खास बायांवर एक ग्रंथ लिहिला होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं. बाई मुळातच पुरुषापेक्षा कमी उत्क्रांत, म्हणून ती सहसा गुन्हाही करत नाही. मात्र जी करते ती राक्षसीण, कारण तिच्यात मातृत्व नसतं. वेश्या म्हणजे बायांमधली जन्मजात गुन्हेगार. गुन्हा न करण्याचंही श्रेय बाईला नाही, तिथेही तिचा मेंदू लहान! कवट्या मोजण्याचं हे शास्त्र पुढे साफ कोसळलं. पण कुलटेचं कपाळ, चोराचे डोळे, हे आपल्या बोलण्यात अजून आहेच.

मग कवट्या गेल्या आणि गुणसूत्रं आली. १९६५ साली स्कॉटलंडमधल्या एका कडेकोट मनोरुग्णालयातल्या पुरुषांची तपासणी झाली. काहींमध्ये एक वाय गुणसूत्र जास्त आढळलं, एक्सवायवाय. झालं, गुन्हेगाराचं गुणसूत्र सापडलं म्हणून जगभर बोलबाला झाला. अमेरिकेत बॉस्टनमध्ये नवजात मुलांची तपासणी करून अशी मुलं शोधायचं आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं काम सुरू झालं. ज्या आईला सांगितलं की तुझ्या बाळात असं काही आहे, ती त्या बाळाकडे कशी पाहील, या प्रश्नावर तिथल्या काही शास्त्रज्ञांनीच आवाज उठवला आणि १९७५ साली ती तपासणी थांबली. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधला मोठा अभ्यास आला. ही माणसं विशेष हिंसक असल्याचं त्यात दिसलं नाही. बॉस्टनच्या त्या आया आणि डोणगावात मुलाचे हात ओढणीने बांधणारी सुमन यांच्यात मला फारसं अंतर दिसत नाही. फरक इतकाच, की सुमनच्या मुलाची कोणी तपासणीही केली नव्हती.

दिराने जे वाचलं ते बहुधा आणखी पुढचं. १९९३ साली नेदरलँड्समधल्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही पुरुषांची बुद्धी मंद होती आणि ते एकाएकी हिंसक होत. मेंदूतली काही रसायनं मोडून टाकणारं एक एन्झाइम त्यांच्यात बनतच नव्हतं, कारण एमएओए नावाचं जनुक बिघडलेलं होतं. असं पूर्ण बिघडलेलं जनुक अत्यंत विरळा. पण त्याच जनुकाचा कमी काम करणारा एक प्रकार पुष्कळ धडधाकट, सरळमार्गी पुरुषांत असतो, आणि वर्तमानपत्रांनी त्याचं "लढवय्याचं जनुक" असं बारसं करून टाकलं. २००६ साली न्यूझीलंडमध्ये एका संशोधकाने म्हटलं की माओरींमध्ये हा प्रकार जास्त आढळतो, आणि त्याचा संबंध त्यांच्यातल्या हिंसेशी जोडला गेला. ज्यांची जमीन गेली त्यांच्याच रक्तात दोष निघाला, तोही जमीन गेल्यानंतर. पारध्यांची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही.

याच न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा जन्मापासून मोठेपणापर्यंत माग ठेवला गेला. २००२ साली त्यातल्या मुलग्यांविषयी जो निष्कर्ष आला तो मी सुमनला जमेल तसा समजावून सांगितला. ज्या मुलांत जनुकाचा हा प्रकार होता आणि लहानपणी ज्यांनी खूप मार, छळ सोसला होता, ती मोठेपणी जास्त हिंसक झाली. ज्यांत तो प्रकार होता पण ज्यांचा छळ झाला नाही, ती इतरांसारखीच निघाली. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हे इतकं स्वच्छ दिसलं नाही, आणि कोणतंही एकच जनुक माणसाचं वागणं ठरवत नाही, यावर तर आता जाणकारांत फारसं दुमत नाही. मी सुमनला म्हटलं, "रक्त तपासून काय करशील? ते बदलता यायचं नाही. ती ओढणी मात्र तुझ्या हातात आहे." हे वाक्य तिला लागलं असावं. नंतर मला वाटलं, मीसुद्धा शेवटी आईलाच बोल लावला.

आणि एक गोष्ट मी तिला सांगितलीच नाही, मुद्दाम. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स मिळतं ते फक्त आईकडून. दीर म्हणतो तसं ते बापाकडून मुलात येऊच शकत नाही. यावर मी सुरुवातीला मनात खूश झाले होते, दिराची फजिती होईल म्हणून. मग लक्षात आलं की फजिती त्याची होणार नाही. उद्या तो म्हणेल, बघा, खोट हिच्याच कुळात आहे! मुलगी झाली तर दोष आईचा, हे खोटं शास्त्र पुसायला आपल्याला किती वर्षं लागली. वाय बापाकडून येतं हे कितीही शिबिरांत सांगितलं तरी टोमणे सुनेलाच. आता गुन्हेगारीचा दोषही आईच्या पदरी घालण्याची सोय झाली आहे.

वायचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. आपल्या देशातल्या तुरुंगांत शंभरातले सुमारे ९६ कैदी पुरुष असतात. जगात कुठेही जा, चित्र थोड्याफार फरकाने हेच. जन्मावरून गुन्हेगार ओळखायचाच असेल तर याहून ठळक खूण दुसरी कुठली? तरीही सगळ्या पुरुषांनी रोज संध्याकाळी ठाण्यात हजेरी लावावी असा कायदा १८७१ साली कोणाला सुचला नाही, आजही सुचत नाही. तिथे लगेच म्हणतात, सगळे पुरुष सारखे नसतात. बरोबरच आहे. तेच वाक्य पारध्यांबद्दल म्हणायला जीभ का अडखळते?

जनुकांनंतर मेंदू. या बाबतीत तर महाराष्ट्राने जगात नाव काढलं. २००८ च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका चोवीस वर्षांच्या विद्यार्थिनीला पूर्वीच्या नियोजित वराच्या खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. प्रसादातून विष दिल्याचा आरोप होता. इतर पुराव्याबरोबर निकालात मेंदूच्या चाचणीचा आधार घेतला होता. डोक्यावर विजेचे तंतू लावलेली टोपी घालून तिला बसवलं होतं. तिने काही बोलायचं नव्हतं, फक्त ऐकायचं होतं. "मी विष विकत घेतलं" अशा धर्तीची, प्रथमपुरुषी वाक्यं तिला ऐकवली गेली आणि यंत्राने ठरवलं की ही गोष्ट तिने केवळ ऐकलेली नाही, स्वतः अनुभवलेली आहे. बाई गप्प बसली आणि तिच्या मेंदूने कबुली दिली! जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. बंगळूरच्या निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनेही त्याच वर्षी या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही असं सांगितलं. पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. ती दोषी की निर्दोष यावर मी इथे काहीच म्हणत नाही. पण पोलीस चौकशीच्या दिवसांत ज्या बाईला शेकडो वेळा तीच हकीकत ऐकवली गेली असेल, तिच्या मेंदूत त्या हकिकतीचा ठसा उमटणार नाही तर काय होईल? आपल्याकडे येणाऱ्या बायांना घरचे जे वर्षानुवर्षं ऐकवतात, "तूच वाईट, तूच वाईट," तेही शेवटी त्यांना स्वतःचंच वाटायला लागतं, हे आपल्याहून जास्त कोणाला ठाऊक आहे?

५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नार्को, खोटं पकडण्याची चाचणी आणि मेंदूची चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. संमती द्यायची तर वकील मिळाला पाहिजे, संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदली गेली पाहिजे, आणि चाचणीचा निष्कर्ष हा पुरावा धरायचा नाही. हे आपल्या प्रत्येक कार्यकर्तीला पाठ हवं. कारण ठाण्यात बसलेल्या बाईला कोणी म्हटलं की खरी असशील तर चाचणी दे, तर ती "हो" म्हणते. नाही म्हटलं तर दोषी ठरेन, ही भीती असते.

आता नाण्याची दुसरी बाजू. पारध्याच्या रक्तावर बोट ठेवणारा समाज घरातल्या मारकुट्या नवऱ्याचा मेंदू फार मायेने समजून घेतो. "त्याचं डोकंच गरम आहे." "त्याचा बापही असाच होता." "रागात त्याला भान राहत नाही." केंद्रात बसून ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की समोरचं माणूस बोलायच्या आधी मी ती पुरी करू शकते. भान न राहणारा हाच माणूस सरपंचासमोर हात जोडून उभा असतो. सावकाराने शिवी दिली तर मान खाली घालतो. बायकोलाही मारतो ते दिसणार नाही अशा जागी, पाठीवर, मांडीवर. हा मेंदू फार हिशेबी आहे. २००९ साली इटलीतल्या एका अपिलात न्यायालयाने खुन्याची जनुकं आणि मेंदू पाहून त्याची शिक्षा एक वर्षाने कमी केली. म्हणजे तेच जनुक एकाला जन्मभर संशयित ठरवतं आणि दुसऱ्याला सवलत मिळवून देतं.

बायांनाही ही सवलत कधी मिळाली आहे. १९८०-८१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये खून करणाऱ्या एका बाईची शिक्षा पाळीपूर्वीच्या त्रासाच्या कारणाने खूप सौम्य झाली. तिथल्या मैत्रिणींमध्ये त्यावरून दोन तट पडले. त्या बाईला न्याय मिळाला म्हणून आनंद मानायचा, की महिन्यातले काही दिवस बायका बेभरवशाच्या असतात हे न्यायालयाकडूनच वदवून घेतलं म्हणून डोक्याला हात लावायचा? माझं स्वतःचं मत अजून पक्कं झालेलं नाही. समोर फाशीच्या छायेतली बाई असेल तर मी जे हाती येईल ते वापरीन, एवढं मात्र कबूल करते.

मेंदूचं काहीच खरं नाही असं मला म्हणायचं नाही. मेंदूत गाठ आल्याने माणसाचा स्वभाव पालटलेला असतो, डोक्याला मार लागल्यावर राग आवरत नाही, हे डॉक्टर दाखवून देतात. पण हे ज्ञान आपल्याकडे कोणासाठी वापरलं जातं? आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी बायांचं डोकं भिंतीवर आपटलेलं असतं. नंतर त्या विसरतात, चिडतात, त्यांना चक्कर येते, स्वयंपाक करपतो. मग नवरा त्यांना "वेडी" म्हणून माहेरी सोडतो, आणि घटस्फोटाच्या अर्जात मनोविकाराचं कारण लिहितो. मेंदूची तपासणी इथे व्हायला हवी. घरगुती हिंसेच्या प्रकरणात डोक्याच्या माराची विचारपूस करायची, चक्कर, उलटी, विसराळूपणा लिहून घ्यायचा आणि वैद्यकीय नोंद मिळवायची, हे आम्ही आमच्या फॉर्मवर आता छापून घेतलं आहे. तुम्हीही घ्या.

सुमनचं काम अर्धंच झालं आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा जन्मापासून हक्क असतो. बाप तुरुंगात असला म्हणून तो जात नाही. सातबाऱ्याचा उतारा काढला, वकिलांनी दिराला नोटीस पाठवली. तेव्हापासून खुन्याच्या रक्ताचा विषय त्या घरात जरा कमी निघतो असं ती सांगते. मुलगा शाळेत जातो. मागच्या आठवड्यात त्याने कोणाची तरी पाटी फोडली. सुमनने मला फोन केला. मी विचारलं, पुढे काय केलंस? म्हणाली, "काय करू? पाटी भरून दिली."

गंगाकडे मी आठ दिवसांनी गेले. इतके दिवस का लागले याचं मला सांगण्याजोगं कारण नाही. ती बेड्यावर चुलीपुढे बसली होती. मी पैसे सापडल्याचं सांगितलं, चुकलं म्हटलं. तिने जाळ सारला. "पोलीस पयले मारते, मंग इचारते," ती म्हणाली, "तुम्ही तं इचारलंबी नाही."

ज्या कार्यकर्तीने ते वाक्य उच्चारलं होतं, तिने बैठकीत स्वतःहून विषय काढला. पुढची बैठक बेड्यावर, गंगाच्या दारात घ्यायची असं ठरलं आहे. तिघी जणी येणार नाही म्हणाल्या. गंगाला निरोप दिला आहे. तिने अजून हो म्हटलेलं नाही.